वाचकांचे प्रश्न : अंत्युखियाची पंगत

प्रश्न : सप्रेम जय ख्रिस्त. आमचे घराणे मूळचे नगर जिल्ह्यातले. पणजोबा ख्रिस्ती झाले, तेव्हापासून चार पिढ्या आम्ही मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आहोत. नोकरीनिमित्त मी आता पुण्यात राहते. नाताळची रजा मागितली की ऑफिसात हमखास प्रश्न येतो, "तू ख्रिश्चन? मग आडनाव असे कसे?" नाताळला आई करंज्या आणि चकल्या करते हे सांगितले तर लोक हसतात. त्याचे मला फारसे काही वाटत नाही. दुखते ते मंडळीतले. इथे ज्या मंडळीत मी जाऊ लागले, तिथल्या एका ज्येष्ठ बाई आपल्या भाच्यासाठी माझी चौकशी करत होत्या. एके रविवारी उपासनेनंतर त्यांनी विचारले, "तुमचे मूळ गाव कोणते? ख्रिस्ती होण्याआधी तुमच्यात कोण होते?" मी खरे ते सांगितले आणि ते बोलणे तिथेच थांबले. ख्रिस्ताने मला स्वीकारले आहे, हे मी संडेस्कूलपासून ऐकत आले आहे. पण माणसे स्वीकारत नसतील, तर त्या स्वीकाराचा उपयोग काय? माझी ओळख नेमकी कोणती? — एक भगिनी, पुणे

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. "देवाच्या दृष्टीने सगळे सारखे" असे एक वाक्य लिहून तुम्हाला वाटेला लावणे सोपे होते, पण ते वाक्य तुम्हाला आधीपासून पाठ आहे आणि त्याने तुमचे समाधान झालेले नाही, हे पत्रातच दिसते. "मूळ गाव कोणते" या प्रश्नाने आपल्या समाजात काय विचारले जाते, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते आणि उत्तर देणाऱ्यालाही. तेव्हा ते न कळल्यासारखे करून मी उत्तर देणार नाही.

"ख्रिस्ती" हे नाव आपल्याला पहिल्यांदा कुठे मिळाले, हे नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात लिहिले आहे. ते ना यरुशलेमेत मिळाले, ना बेथलेहेमात. ते मिळाले अंत्युखिया नावाच्या शहरात, जिथे यहूदी आणि यहूदी नसलेले लोक एका मंडळीत येऊ लागले होते आणि या मिसळलेल्या घोळक्याला कोणत्या नावाने ओळखावे, असा प्रश्न आजूबाजूच्यांना पडला असावा. म्हणजे तुमच्या ऑफिसातल्या प्रश्नाला चांगला दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. पण त्याच अंत्युखियात आणखी एक गोष्ट घडली आणि ती आपण प्रवचनात फारशी सांगत नाही. येशूचा शिष्य पेत्र तिथे आला होता आणि परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंक्तीला जेवत होता. मग यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही यहूदी माणसे आली. त्यांना काय वाटेल या भीतीने पेत्र हळूहळू मागे सरला आणि वेगळा बसू लागला. त्याचे पाहून इतर यहूदीही तसेच करू लागले. बर्णबासारखा उदार मनाचा माणूससुद्धा त्यात ओढला गेला. आपल्याकडे या प्रकाराला फार जुना शब्द आहे, पंक्तिभेद.

तेव्हा प्रेषित पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष तोंडावर दोष दिला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हा प्रसंग आहे. मनुष्य यहूदी नियमशास्त्राच्या कृत्यांनी नीतिमान ठरत नाही, तर ख्रिस्तावरील विश्वासाने ठरतो, ही सबंध ख्रिस्ती धर्माचा कणा असलेली शिकवण त्याच अध्यायात, याच प्रसंगाला लागून येते, याकडे मी मुद्दाम तुमचे लक्ष वेधतो. ती कोणा पंडिताने एकांतात बसून मांडलेली नाही. कोण कोणाच्या पानाला पान लावून बसणार, या भांडणातून ती पुढे आली. म्हणून "ख्रिस्ताने स्वीकारले आणि माणसांनी नाही" अशा दोन वेगळ्या वाटण्या पौल करू देत नाही. ख्रिस्ताने ज्याला जवळ केले, त्याच्यापासून उठून जाणाऱ्याचे वागणे सुवार्तेच्या सत्याला धरून नाही, असे तो म्हणतो. आणि पंक्तीत बसलेल्या परराष्ट्रीयांना, "तुम्ही थोडे बदला, म्हणजे पेत्र परत येईल," असे तो चुकूनही सांगत नाही. त्या बाईंच्या प्रश्नाने तुमच्या ओळखीत काही कमी झालेले नाही. उघडे पडले ते त्यांचे स्वतःचे.

मी तरुण असताना खेड्यातल्या एका मंडळीत काही महिने सेवेला होतो. प्रभुभोजनाला तिथे एकच पितळी प्याला फिरत असे. एक कुटुंब नेमाने पहिल्या बाकावर बसायचे. त्यांची भक्ती मोठी, म्हणून ते पुढे बसतात, असे मी समजत होतो. प्याला दुसऱ्या कोणाच्या ओठांना लागण्याआधी आपल्याकडे यावा म्हणून ते तिथे बसत, हे मला मंडळीतल्या एका म्हातारबाबांनी सांगितले, तेही हसत हसत, जणू सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट पाळकाला तेवढी कळली नव्हती. पुढच्या वेळी मी शेवटच्या बाकापासून सुरुवात केली. त्या दिवशी ते कुटुंब प्रभुभोजन न घेताच घरी गेले, आणि मला जिंकल्यासारखे मुळीच वाटले नाही.

बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात लगेच धुतली जात नाही, हे लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आठवणींत जितके प्रांजळपणे सांगितले आहे, तितके फार थोड्यांनी सांगितले असेल. त्यांचे पती कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ राहावयास आल्या, तेव्हा ख्रिस्ती घरात राहूनही त्यांचे सोवळे सुटले नव्हते. ते सुटले ते मनाशी विचार करून, जाती देवाने निर्माण केल्या की माणसाने, हा प्रश्न स्वतःलाच विचारून. ज्यांनी तो स्वतःला कधी विचारलाच नाही, अशी घराणी आपल्या मंडळ्यांत चार-चार पिढ्या नांदत आहेत. इकडे १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात सवलती आधी फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या गेल्या. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. सरकारी कागदावर बाप्तिस्म्याबरोबर जात संपते आणि मंडळीत ती मूळ गाव विचारून शोधून काढली जाते, अशी ही दुहेरी गंमत आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ओळखीचा. इथे मला पंडिता रमाबाईंची आठवण होते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे झाला. तिथल्या धर्मभगिनींशी आणि धर्मगुरूंशी त्यांचे वाद होत राहिले. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडात मान द्यावयाची त्यांची तयारी नव्हती, आणि इंग्लंडात राहूनही त्यांनी शाकाहार सोडला नाही. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले, की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडावयास बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे लागली. तोवर विधवांसाठीचे त्यांचे शारदा सदन सुरू झाले होते, नाव सर्वत्र झाले होते, म्हणजे जगाच्या दृष्टीने ओळख पुरेशी होती. तुमच्या विश्वासाविषयी मी शंका घेत नाही. पण आपल्यासारख्या, जन्माने मंडळीत आलेल्यांच्या बाबतीत असे होते, की ख्रिस्ती ही आपली आडनावासारखी वारशाने आलेली ओळख असते, आणि वारशाच्या गोष्टीला चार नातेवाइकांची मान्यता लागते. ती नाकारली गेली, की पायाखालची जमीन सरकते. "यापुढे मी जगतो असे नाही, तर ख्रिस्त माझ्या ठायी जगतो," हे वाक्यही गलतीकरांच्या त्याच दुसऱ्या अध्यायात, त्या पंक्तीच्या भांडणापाठोपाठ आले आहे. ते एकदा त्या जागी ठेवून वाचा. संडेस्कूलच्या भिंतीवरच्या तक्त्यापेक्षा ते वेगळे लागेल.

करंज्यांविषयी एवढेच, की हसणाऱ्यांना डबा भरून द्या. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे म्हणणाऱ्या टिळकांची गीते आपण दर रविवारी गातो. मराठीपण टाकल्यावर आपल्या उपासनेत गाण्याजोगे फारसे उरणार नाही.

आणि एक करावे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे त्या बाईंना एकट्यांना भेटून, "तुमच्या प्रश्नाने मला दुःख झाले," असे सांगावे. त्यांनी ऐकले नाही, तर पाळकांच्या आणि वडीलजनांच्या कानांवर घालावे. स्थळ परत यावे म्हणून हे करावयाचे नाही. असे स्थळ गेले ते बरेच झाले. ते जमले असते, तर त्या घरातल्या पंक्तीला तुम्हाला रोज बसावे लागले असते.

प्रश्न : मी पंचवीस वर्षांचा आहे. दोन वर्षे बायबल वाचल्यावर बाप्तिस्मा घ्यावा असे वाटते. नाव बदलावे लागते का? वडिलांना नंतर सांगितले तर चालेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नाव बदलण्याची आज्ञा नव्या करारात कुठेही नाही. शौलाचा पौल बाप्तिस्म्याच्या वेळी झाला, ही केवळ लोकसमजूत आहे. त्याला दोन्ही नावे होती, एवढेच प्रेषितांची कृत्ये सांगतात. कर्नेल्य नावाचा रोमी शताधिपती बाप्तिस्म्यानंतरही कर्नेल्यच राहिला. आणि आपल्या गीतसंग्रहातल्या कितीतरी गीतांखाली जे नाव छापलेले असते, त्यात नारायण आणि वामन ही दोन्ही विष्णूचीच नावे आहेत.

वडिलांना मात्र आधी सांगा. ते रागावतील, कदाचित काही महिने बोलणार नाहीत. पण मुलाने आपल्याला परका मानून लपवले, हे दुःख त्यात मिसळलेले नसेल. सांगताना मंडळीतल्या कोणाला बरोबर नेऊ नका. एकटे जा, आणि आईला शेजारी बसवून घ्या.