आयरिश पोलिसांच्या खून-कादंबऱ्यांचं एवढं कौतुक का? संथ असतात, शेवटही अर्धवट! वाचायच्याच तर सुरुवात कुठून करू?

शेवट अर्धवट नसतो हो. "खुनी कोण" एवढंच हवं असेल तर पाचशे पानं कशाला वाचायची? शेवटचं प्रकरण उघडा आणि मोकळे व्हा.

आपल्या वाचकाची गाडी अडते ती कबुलीजबाबापाशी. भारतात पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध कोर्टात चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता साक्ष अधिनियमाचं २३. त्यामुळे चौकशीचं प्रकरण आपण नुसती खडाजंगी म्हणून वाचतो. आयर्लंडमध्ये ती चालते, आणि खून शाबित झाला की जन्मठेपच. म्हणून तिकडचा कसलेला लेखक पाठलाग दोन पानांत उरकतो आणि चौकशीच्या खोलीला चाळीस पानं देतो. तुम्ही ज्याला संथ म्हणताय ते हेच.

त्या खोलीचे नियम माहीत असले की मजा दुप्पट होते. १९८७ च्या नियमांप्रमाणे एका वेळी दोघांनीच प्रश्न विचारायचे, चारांपेक्षा जास्त पोलीस आत नकोत, सलग चार तास झाले की थांबायचं. प्रत्येक कादंबरीत डिटेक्टिव्हांची जोडगोळी का असते, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. तिथल्या १९८४ च्या फौजदारी कायद्याच्या कलम ४ खालच्या कोठडीचे तास आधी ६, मग आणखी ६, नंतरच्या दुरुस्तीने वर १२. रात्रीच्या विश्रांतीचे तास त्यात धरत नाहीत. आणि २०१४ पर्यंत वकील भेटायचा, पण चौकशी चालू असताना शेजारी बसायचा नाही. त्या वर्षीच्या आयरिश सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तो आत आला. तेव्हा गोष्ट २०१६ मधली, संशयित एकटा, आणि त्याने वकील नाकारल्याचं एक वाक्यही नाही? पुस्तक मिटा, लेखकाने अभ्यास केलेला नाही.

आता त्या "अर्धवट" शेवटाचं. १९८४ च्या एप्रिलमध्ये केरी परगण्यातल्या एका किनाऱ्यावर नवजात बाळाचं प्रेत सापडलं, अंगावर २८ वार. डब्लिनहून मर्डर स्क्वॉड, म्हणजे खुनांचा तपास करणारं खास पथक, आलं. सुमारे ऐंशी किलोमीटरवरची एक अविवाहित तरुणी नुकतीच बाळंत झाल्याचा सुगावा लागला. तिला आणि घरच्यांना ठाण्यात नेलं आणि दिवसभरात जबाब तयार: हिनेच भोसकलं, आम्ही प्रेत समुद्रात टाकलं. ती सांगत होती, माझं बाळ आमच्या शेतावरच आहे. दुसऱ्या दिवशी ते तिथेच सापडलं! मग रक्तगट आले. किनाऱ्यावरच्या बाळाचा ए. तिचा ओ, तिच्या बाळाच्या बापाचाही ओ. दोन ओंच्या पोटी ए येत नाही. तर पोलिसांनी तर्क लढवला की जुळी असतील, बाप दोन असतील. ऑक्टोबरात आरोप मागे घ्यावे लागले, पुढच्या वर्षी चौकशी आयोगाचा अहवाल आला, मर्डर स्क्वॉड मोडीत निघालं. सरकारची औपचारिक माफी यायला २०२० उजाडलं.

ज्या देशाने हे पाहिलंय, त्याच्या वाचकाला कबुली मिळाली म्हणजे खरं कळलं असं वाटेल का? टाना फ्रेंचच्या 'इन द वुड्स' (२००७) मधलं डब्लिन मर्डर स्क्वॉड काल्पनिक आहे, पण हा संशय अस्सल. त्यात दोन रहस्यं आहेत. १९८४ च्या उन्हाळ्यात रानात हरवलेल्या मुलांचं शेवटपर्यंत सुटत नाही आणि लोक एक तारा देऊन जातात. दुसऱ्यात खरी कबुली हाती येते, पण बोलणारी व्यक्ती अठराच्या आतली निघते, तपासात जन्मतारीखच पाहायची राहिलेली असते, आणि ती टेप कोर्टाच्या दृष्टीने रद्दी होते. एकात सत्य सापडत नाही, दुसऱ्यात सापडूनही टिकत नाही. सांगणारा डिटेक्टिव्ह पहिल्याच प्रकरणात कबूल करतो की तो खोटं बोलतो. याहून स्पष्ट काय सांगायला हवं होतं? "लेखिकेला शेवट सुचला नाही" म्हणणाऱ्यांनी ते प्रकरण पुन्हा वाचावं.

सुरुवात? यापासूनच करा. इंग्रजीतच वाचा, फक्त एक खाचखळगा: तिथे 'ही'ज आफ्टर हिटिंग हर' म्हणजे तो तिला मारायच्या मागे लागलाय असं नाही, त्याने तिला आत्ताच मारलंय. साक्षीदाराच्या तोंडी असं वाक्य आलं आणि आपण उलटं वाचलं, की घटनांचा क्रमच फिरतो.

हे सगळं दक्षिणेतल्या आयरिश प्रजासत्ताकाच्या पोलिसांबद्दल, म्हणजे गार्डांबद्दल. उत्तर आयर्लंडातल्या बेलफास्टमधली गोष्ट असेल तर पोलीस वेगळे, कायदा वेगळा, वरचे नियम तिथे लावू नका. आणि हो, टेपचं आधीच सांगून टाकलं, त्याबद्दल माफी. खुनी कोण ते मात्र मी सांगितलेलं नाही.