तापलेल्या ऑटोमॅटिक गाडीतील गिअरचा झटका

प्रश्न : माझ्या टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती ऑइलमार्फत गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) प्रकारच्या ऑटोमॅटिक गाडीचे ८५ हजार किलोमीटर झाले आहेत. सकाळी ती सुरळीत चालते. परंतु पसरणी घाट चढून गाडी तापली, की दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना जोराचा झटका बसतो. गिअरबॉक्स उघडावा लागेल, असे गॅरेजमध्ये सांगतात. तसे करावे का?
– एक वाचक, वाई

उत्तर : इतक्यात नको. आधी झटक्याच्या क्षणी आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा पाहावा. काटा उसळून मग झटका बसत असेल, तर गिअरबॉक्समधील ऑइलचा दाब अपुरा पडून आतला क्लच घसरतो आणि मग एकदम पकडतो. काटा न उसळता थेट दणका बसत असेल, तर दाब गरजेपेक्षा जास्त असण्याची शक्यता असून सोलेनॉइड (ऑइलचा दाब नियंत्रित करणारे विजेवरचे व्हॉल्व्ह), वायरिंग किंवा सेन्सर तपासावे लागतील. कारण बिघाड जाणवल्यास क्लच जळू नयेत म्हणून अनेक गाड्यांतील कंट्रोल युनिट (गिअरबॉक्स नियंत्रित करणारा संगणक) मुद्दामच दाब वाढवते.

त्रास तापल्यावरच होतो, म्हणून माझा पहिला संशय ऑइलवर आहे. डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहण्याची पट्टी) नसलेल्या गिअरबॉक्सची पातळी बहुधा गाडी सपाट उचलून, इंजिन चालू ठेवून आणि ऑइलचे तापमान स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडायच्या तपासणी यंत्रावर) पाहून लेव्हल प्लगमधून (पातळी तपासण्याच्या बुचातून) तपासतात. हे तापमान बऱ्याच गाड्यांत ३५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. घाईत गरम गाडीवरच तपासणी केली, तर फुगलेल्या ऑइलमुळे कमी असलेली पातळीही पुरेशी भासते.

ऑइल काळे पडले असेल किंवा त्याला करपट वास येत असेल, तर ते मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचेच घालून बदलावे. ‘लाल ऑइल सगळे सारखेच’ हे म्हणणे ऐकू नये. एकदा काढल्याने बरेचसे जुने ऑइल कन्व्हर्टरमध्येच राहते, त्यामुळे काही दिवसांनी पुन्हा बदलणे योग्य. पॅनमधील (गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या तबकातील) चुंबकावर राखाडी लगदा आढळणे स्वाभाविक आहे, धातूचे चकचकीत तुकडे मात्र नव्हेत. त्यानंतर स्कॅनरने गिअरबॉक्सचे अडॅप्टेशन (कंट्रोल युनिटने शिकून साठवलेली गिअर बदलण्याची जुळवणी) रिसेट करून घ्यावे.

एवढ्यानेही झटका राहिला, तर व्हॉल्व्ह बॉडी (ऑइल योग्य क्लचकडे वळवणारा भाग) आणि सोलेनॉइड तपासावे. अनेक गाड्यांत हे काम गिअरबॉक्स न उतरवता पॅन काढून होते. क्लच जळाल्याचा पुरावा पॅनमध्ये दिसला, तरच गिअरबॉक्स उघडण्यास संमती द्यावी आणि स्कॅनरवरील फॉल्ट कोड (बिघाडाचे सांकेतिक क्रमांक) तत्पूर्वी लेखी मागून घ्यावेत.