स्टुटगार्टच्या ऑफरमधले 35 तास

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाकणला क्वालिटीत सहा वर्षं काढली, आता स्टुटगार्टजवळच्या दोन सुट्या भागांच्या कंपन्यांकडून ऑफर आहे. एक टारिफमधली (म्हणजे युनियनच्या सामूहिक करारातली), आठवड्याला 35 तास, वर्षाला 62,000 युरो. दुसरी टारिफबाहेरची, 40 तास, 66,000 युरो. तुमचा कल दुसरीकडे, कारण पैसे जास्त आणि 'युनियनच्या भानगडीत पडायला नको'.

आधी हिशोब करा. 35 तासांचे वर्षाला 1,820 तास होतात, 40 चे 2,080. पहिली ऑफर ताशी साधारण 34 युरो देते, दुसरी 31.70 च्या आसपास. पहिलीच्या भावाने 40 तास विकायचे तर दुसरीने जवळजवळ 70,900 द्यायला हवेत. म्हणजे चार हजार जास्त दिसतात, प्रत्यक्षात पाच हजार कमी आहेत. रजाही बघा: टारिफमध्ये 30 दिवस, कायद्याने पाच दिवसांच्या आठवड्याला फक्त 20.

आता भानगडीचं. चाकणमध्ये युनियन म्हणजे लाइनवरचे परमनंट. इंजिनिअर हा स्टाफ, तो बाहेर. वेतन करार एकेका प्लांटचा, तीन-साडेतीन वर्षांनी होणारा. इथे जर्मनीत तसं नाही. आयजी मेटाल ही युनियन आख्ख्या प्रदेशातल्या धातू उद्योगासाठी मालकांच्या संघटनेशी करार करते. तोच टारिफ. त्यात फिटरही असतो आणि इंजिनिअरही. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्टच्या राज्यात, दोघांसाठी मिळून 17 वेतनगट आहेत. बेट्रिब्सराट ही तिसरीच गोष्ट: कंपनीतल्या सगळ्यांनी दर चार वर्षांनी निवडलेलं मंडळ. पाळ्या, ओव्हरटाइम यांत त्याचा शब्द चालतो, बडतर्फीआधी त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, पण संप पुकारायचा अधिकार त्याला नाही. युनियनचे सभासद नसलात, जर्मन नागरिक नसलात, तरी या निवडणुकीत मत देता येतं.

हा 35 चा आकडा कुणी खुशीने दिलेला नाही. 1984 च्या मे महिन्यात आयजी मेटालने नेमका तुमच्याच भागात संप सुरू केला, आणि मोठ्या मोटार कंपन्यांऐवजी त्यांना सुटे भाग पुरवणारे कारखाने आधी बंद पाडले. पार्ट येईनात, तशा गाड्यांच्या लाइनी थांबल्या. मालकांनी टाळेबंदीने उत्तर दिलं. जवळजवळ सात आठवड्यांनी माजी मंत्री गेओर्ग लेबर यांच्या मध्यस्थीने तोडगा निघाला, तोही 38.5 तासांचा. 35 वर यायला ऑक्टोबर 1995 उजाडला. पूर्व जर्मनीत याच मागणीसाठी 2003 मध्ये झालेला संप फसला. म्हणून लायप्झिगकडची ऑफर आली तर तास वेगळे विचारा. आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार हे आज सगळ्यांना कायद्याने मिळतं. कामगारांसाठी त्याची वाट 1956-57 साली श्लेसविग-होल्श्टाइनमध्ये 114 दिवस चाललेल्या संपाने उघडली.

परक्या कामगारांच्या बाबतीत मात्र युनियनचा इतिहास सगळाच अभिमानाचा नाही. ऑगस्ट 1973 मध्ये कोलोनच्या फोर्डमध्ये सुट्टीवरून उशिरा परतलेल्या सुमारे 300 तुर्की कामगारांना काढलं, तेव्हा बाकीच्या तुर्कांनी काम बंद केलं. युनियन आणि बेट्रिब्सराट त्यांच्या पाठीशी उभे राहिले नाहीत. पोलीस आले आणि संप मोडला. त्याच महिन्यात नॉइसच्या पीअरबुर्ग कार्बोरेटर कारखान्यात परदेशी बायकांनी संप करून सर्वात खालचा 'हलक्या कामाचा' वेतनगट रद्द करून घेतला. तिथे जर्मन कामगारही सोबत आले, हा फरक.

सभासद व्हायचं की नाही? माझ्या मते व्हा, आणि पहिल्याच महिन्यात व्हा. वर्गणी ढोबळ पगाराच्या एक टक्का, आयकरात नोकरीचा खर्च म्हणून दाखवता येते. कायदेशीर मदत आणि संपभत्ता सभासदत्वाला तीन महिने झाल्यावरच मिळतो. नोटीस हातात पडल्यावर अर्ज भरून उपयोग नाही. काही तासांच्या इशारा-संपात संपभत्ता नसतो, तेवढा पगार जातो. संपात उतरल्याने व्हिसाला धक्का लागत नाही. संघटनेचा हक्क इथल्या घटनेने नागरिक नसलेल्यांनाही दिला आहे.

घोटाळा होतो तो सहसा पुढच्या ठिकाणी. पहिले सहा महिने प्रोबेशन; बडतर्फीविरुद्धचं कायद्याचं संरक्षण त्यानंतर, तेही दहापेक्षा जास्त माणसांच्या कंपनीत. नोटीस सहीच्या कागदावरच लागते, ईमेल चालत नाही. ती मिळाल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा टाकायचा; चुकलात तर चुकीची नोटीससुद्धा पक्की होते. सर्वात वाईट म्हणजे 'राजीखुशीने' नोकरी संपवण्याचा करार. एचआर गोड बोलून पुढे सरकवतं, माणूस भिडेखातर सही करतो, आणि बेकारभत्ता सहसा 12 आठवडे अडतो. तो कागद घरी आणा, युनियनच्या वकिलाला दाखवा. नोकरी गेल्याचं परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवावं लागतं.

कामच कमी झालं तर कंपनी कुर्त्सआरबाइट लावते: तास घटतात आणि बुडालेल्या निव्वळ पगाराच्या 60 टक्के, मूल असेल तर 67 टक्के, सरकारी रोजगार संस्थेच्या पैशातून मिळतात. गाड्यांच्या धंद्यात सध्या मंदी आहे. डिसेंबर 2024 मध्ये फोल्क्सवागेनमध्येसुद्धा 2030 पर्यंत 35,000 हून जास्त जागा कमी करायचं ठरलं. प्लांट मात्र बंद करायचे नाहीत आणि सक्तीने काढायचं नाही, एवढं युनियनने लिहून घेतलं. टारिफ नसलेल्या छोट्या पुरवठादाराकडे असं लिहून घ्यायला सहसा कुणी नसतं.

सही करण्याआधी पहिल्या कंपनीला हे विचारा: वेतनगट कोणता (नवख्याला एक गट खाली बसवायची खोड असते, नंतर बेट्रिब्सराटमार्फत हरकत घेता येते). 62,000 मध्ये सुट्टीचा बोनस आणि जुलैचा वाढीव हप्ता धरला आहे का. ख्रिसमसचा बोनस कितव्या वर्षाचा धरला आहे, कारण तो सहा महिन्यांनी मासिक पगाराच्या 25 टक्क्यांपासून सुरू होऊन तीन वर्षांनी 55 वर जातो. दुसऱ्या कंपनीला एकच विचारा: बेट्रिब्सराट आहे का?