लढाईवरून परतलेला भाऊ घरात असून नसल्यासारखा वागतो. आम्ही काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तो कुठेही गेला तरी भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करूनच बसतो, रात्री उठून कड्या तपासतो आणि क्षुल्लक कारणावरून भडकतो. मी स्वतः लढाईच्या भागात राहून आलोय, त्यामुळे यात मला वेडेपणा दिसत नाही. तिथे असं वागणाराच जिवंत राहतो. आवाज झाला की आधी आडवं व्हायचं, विचार नंतर. अंगात भिनलेली ही सवय घरी आल्यावर आपोआप जात नाही. म्हणून पाठीमागून येऊन खांद्यावर हात ठेवू नका, आधी हाक मारा. झोपेतून उठवायचं असेल तर लांबूनच.

दुसरी गोष्ट घरच्यांना सहसा कळत नाही, ती म्हणजे एकटेपणा. "आता आलास ना सुखरूप, मग विसर ते" असं आपण मायेनं म्हणतो. पण ज्यांच्या भरवशावर तो झोपायचा ती माणसं अजून तिकडेच असतात, काही तर परतलेलीच नसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर बरेच सैनिक जहाजानं, सोबत्यांबरोबर कित्येक दिवस बोलत-भांडत घरी आले. व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकाची साधारण वर्षभराची मुदत संपली की तो विमानानं, बहुतेकदा एकटाच निघायचा आणि एक-दोन दिवसांत घरच्या टेबलावर जेवायला बसायचा. अफगाणिस्तानातून परतणाऱ्या तुकड्यांना ब्रिटिशांनी वाटेत सायप्रसला थोडं थांबवायला सुरुवात केली, ती उगाच नाही. अर्थात तेवढ्यानं सगळं भागतं असं मी म्हणणार नाही. जुन्या सोबत्यांचे फोन येत असतील तर ते येऊ द्या, तासभर चालले तरी.

डॉक्टरांकडे गेलात तर 'पीटीएसडी' हे नाव कानावर येईल, म्हणजे भयंकर आघातानंतर मनात घर करून राहणारा ताणाचा आजार. पहिल्या महायुद्धात 'शेल शॉक' म्हणायचे. पीटीएसडी हे निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत 1980 मध्ये आलं. पण परतलेल्या प्रत्येकाला ते होत नाही, आणि सगळ्यांचं दुखणं भीतीचंच असतं असंही नाही. काहींना आपण केलेलं किंवा थांबवू न शकलेलं काहीतरी खात असतं. जोनाथन शे या मानसोपचारतज्ज्ञानं व्हिएतनामहून आलेल्यांवर उपचार करताना यावर बरंच लिहिलं. अशा माणसाला "तुझी काही चूक नव्हती" एवढं सांगून भागत नाही. आणि "किती जण मारलेस?" हे कुणालाही विचारू देऊ नका, पाहुण्यांना तर आधीच बजावून ठेवा.

उपचार आहेत आणि ते लागू पडतात. आघातावरच्या खास समुपदेशनात ती आठवण सुरक्षित जागी, हळूहळू, पुन्हापुन्हा बोलून दाखवावी लागते. सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटतो, बरेच जण तिथेच सोडतात. शक्यतो सैनिकांबरोबर काम केलेला समुपदेशक शोधा, नाहीतर निम्मा वेळ त्यालाच समजावण्यात जातो.

दारू वाढली असेल, किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही तो बोलला असेल, तर मात्र थांबू नका. घरात हत्यार असेल तर आजच दुसरीकडे हलवा, आणि त्याला सरळ विचारा की जीव द्यायचा विचार येतो का. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं न सोडता लगेच दवाखान्यात न्या.