लिंकनची एका ओळीची चिठ्ठी

प्रश्न : स्पीलबर्ग यांचा २०१२चा ‘लिंकन’ नुकताच पाहिला. गुलामगिरी बंद करणारी घटनादुरुस्ती मंजूर व्हावी म्हणून लिंकन विरोधकांना सरकारी नोकऱ्यांचं आमिष दाखवतात, तहाची बोलणी लपवतात. हे ‘नरो वा कुंजरो वा’च झालं ना? अकरावीतल्या मुलीला हा सिनेमा दाखवावा का? – एक वाचक

उत्तर : तुमची उपमा अगदी नेमकी आहे. ३१ जानेवारी १८६५. अमेरिकेत उत्तर आणि गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिण यांचं यादवी युद्ध चालू आहे. प्रतिनिधीगृहात मतदान व्हायचं, तेवढ्यात दक्षिणेचे दूत तहासाठी निघाल्याची कुणकुण लागते आणि सभागृह बिथरतं. तह होणारच असेल तर दुरुस्तीची घाई कशाला, असं कुंपणावरच्यांना वाटणारच. लिंकन एका ओळीत लिहून पाठवतात, की माझ्या माहितीप्रमाणे असे कोणी दूत शहरात नाहीत, येण्याचा संभवही नाही. शब्द न् शब्द खरा, कारण दूतांना वॉशिंग्टनबाहेरच थोपवायची व्यवस्था त्यांनीच केलेली होती. ही चिठ्ठी पटकथेची करामत नाही, ती खरोखर लिहिली गेली. तीनच दिवसांनी लिंकन त्या दूतांना हॅम्प्टन रोड्सला बोटीवर भेटले.

नोकऱ्यांचं मला फारसं काही वाटत नाही. निवडणूक हरून घरी निघालेल्यांना कुठे पोस्टमास्तरकी देऊ केली, तर केली. आदल्या जूनमध्ये हाच ठराव दोन तृतीयांश मतांअभावी पडला होता. या वेळी ११९ विरुद्ध ५६ असा निसटता मंजूर झाला. तीन मतं फिरली असती तरी पुन्हा पडला असता.

तहाचं मात्र मलाही टोचतं. लढाई एक दिवस लांबली तरी माणसं मरत होती आणि लिंकनना ते ठाऊक होतं. सिनेमात तारघरातला रात्रीचा प्रसंग आहे. दूतांना वॉशिंग्टनला येऊ द्या, अशी तार ते सांगतात, मग तिथल्या दोन पोरसवदा तारबाबूंशी युक्लिडच्या भूमितीवर बोलत बसतात. एकाच वस्तूशी समान असलेल्या वस्तू परस्परांशी समान असतात, हे त्यांचं त्यांनाच पुन्हा ऐकू येतं, आणि ते तार बदलतात. कारण आधी तह झाला असता तर गुलामगिरी टिकून राहायची धास्ती होती. बंडखोर राज्यांतल्या गुलामांना मुक्त ठरवणारा १८६३चा जाहीरनामा हा युद्धकाळातला हुकूम. युद्ध संपल्यावर कोर्टात तो टिकेल याची खात्री खुद्द लिंकनना नव्हती. उत्तरेच्या बाजूने राहिलेल्या गुलाम-राज्यांना तर तो लागूच नव्हता.

अर्धसत्य बोलल्यावर धर्मराजाचा अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकला. इथे तो पीटर्सबर्गच्या रणांगणावर टेकतो. प्रेतांच्या मधून घोड्यावरून जाणारे, लिंकन साकारणारे डे-लुईस पाहा. तिथे भाषण नाही, समर्थन नाही.

आणि थॅडियस स्टीव्हन्स! जन्मभर वर्णसमतेसाठी भांडलेला हा म्हातारा प्रतिनिधी सभागृहात उभा राहून म्हणतो, मला फक्त कायद्यापुढची समता हवी आहे. त्याची भूमिका करणाऱ्या टॉमी ली जोन्सच्या चेहऱ्यावर तो गिळलेला घास दिसतो. गॅलरीत लिंकन यांची बायको मेरी खूश होतात, पण शेजारची त्यांची शिंपीण एलिझाबेथ केकली उठून निघून जाते. ती गुलामगिरीत जन्मली, पैसे भरून स्वतःला सोडवून घेतलं, मुलगा या युद्धात गमावला. ही तडजोड कोणाच्या अंगावरून गेली, ते तिच्या पाठमोऱ्या जाण्यात मला दिसलं. मात्र अशी कृष्णवर्णीय माणसं या सिनेमात फार थोडी आहेत. गुलामगिरीतून निसटून तिच्याविरुद्धच्या चळवळीचे नेते झालेले फ्रेडरिक डग्लस तर कुठेच नाहीत. गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर झगडलेले हे लोक वाट बघत बसलेले दिसावेत, याचा मला राग येतो.

मुलीला जरूर दाखवा, शक्यतो तिच्याबरोबर बसून. मतदानाच्या वेळी कनेटिकटकडे लक्ष ठेवा. पडद्यावर त्या राज्याचे दोन प्रतिनिधी ‘नाही’ म्हणतात. प्रत्यक्षात चौघांनीही ‘हो’ म्हटलं होतं. लिंकननी सत्य वाकवलं ते सुमारे ४० लाख माणसांच्या बेड्या तुटाव्यात म्हणून, इथे वाकवलंय ते मतमोजणीत रंगत यावी म्हणून. ही सूट मी तरी देणार नाही. मुलीला आधी काही सांगू नका, सिनेमा संपला की सांगा आणि ती काय म्हणते ते मला कळवा.