वाचकांचे प्रश्न : नीळ कापडाला का धरत नाही?

प्रश्न : नैसर्गिक निळीची पूड गरम पाण्यात कालवून त्यात सुती ओढणी रात्रभर ठेवली. पहिल्याच धुण्यात रंग गेला. तुरटी घालायला हवी होती का? (वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. तुरटी मंजिष्ठेला लागते, निळीला नाही. नीळ पाण्यात विरघळतच नाही, त्यामुळे ओढणीवर बसली होती ती नुसती निळी धूळ. आधी तिचं क्षपण (ऑक्सिजन करतो त्याच्या उलट रासायनिक बदल) करावं लागतं, म्हणजे ती अल्कलीच्या, म्हणजे चुन्यासारख्या क्षाराच्या, पाण्यात विरघळते आणि पिवळट-हिरवी होते. त्यात भिजलेलं कापड बाहेर काढलं की हवेतल्या ऑक्सिजनने ती पुन्हा निळी आणि अविद्राव्य होते, पण आता धाग्यात अडकलेली.

घरी करायला सोपं प्रमाण १ : २ : ३. पाच लिटर पाण्याला २० ग्रॅम नीळ, ४० ग्रॅम विरलेल्या चुन्याची कोरडी पूड आणि ६० ग्रॅम फ्रुक्टोज (फळांतली साखर). नीळ थोड्या गरम पाण्यात खलून गुठळ्या पूर्ण मोडा. इथे आळस केला तर पुढे डाग पडतात. स्टीलच्या उंच पातेल्यात ५० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात फ्रुक्टोज विरघळवा, खललेली नीळ ओता आणि चुना थोडा थोडा घाला. हातमोजे घालाच. बुडबुडे न उठवता ढवळा आणि झाकून ठेवा. तासाभरात गाळ खाली बसतो, पाणी पिवळट-तपकिरी दिसतं आणि वर तांबूस झाक असलेली साय येते. ही साय बाजूला केल्याशिवाय कापड घालू नका.

कापड धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढलेलं आणि ओलं हवं. गाळाला न टेकवता ५ ते १० मिनिटं बुडवा, पाण्याखालीच पिळा आणि तेवढाच वेळ हवेत धरा. गडद रंग बुडवण्यांच्या संख्येने येतो. एकाच दाट पाण्यात एकदाच बुडवलेलं कापड हाताला रंग लावत राहतं. शेवटी दिवसभर वाळवा, थोडं व्हिनेगर घातलेल्या पाण्यातून काढा म्हणजे चुना निघेल, मग साबणाने धुवा.

पाणी निळंच राहिलं तर क्षपण झालेलं नाही. बहुतेक वेळा ते गार झालेलं असतं. ५० अंशांपर्यंत तापवा आणि तासभर थांबा. तरीही निळं असेल तर १५ ग्रॅम फ्रुक्टोज घाला. पीएच (पाण्याचा आम्ल-अल्कलीपणा दाखवणारा अंक) ११ च्या खाली गेला असेल तर चुना घाला. उघडा राहिलेला जुना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खडू झालेला असतो, तो कितीही घातला तरी व्यर्थ. फ्रुक्टोजऐवजी साधी साखरही चालत नाही, कारण ती क्षपण करत नाही. आंबवून केलेल्या जुन्या माठांत क्षपणाचं काम जिवाणू करत, आणि दक्षिण भारतातले रंगारी त्यासाठी टाकळ्याच्या बिया शिजवून घालत. पावसाळ्यात आपल्याकडे उगवतो तोच टाकळा!

प्रश्न : किराणा दुकानातली कपड्यांची नीळ वापरून चालेल का? (वाचक, सोलापूर)

उत्तर : चालणार नाही. ती पूड बहुधा अल्ट्रामरीन असते. ते खनिज रंगद्रव्य पांढऱ्या कापडाचा पिवळेपणा झाकतं, एवढंच. ओळख सोपी आहे. चिमूटभर पूड लिंबाच्या रसात ठेवली की अल्ट्रामरीन फिकं पडतं आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. खऱ्या निळीला काही होत नाही. उलट खरी नीळ लोखंडी चमच्यावर, खिडकी उघडी ठेवून तापवली की जांभळी वाफ निघते.

पण ही वाफ पानातली नीळ आणि कारखान्यातली नीळ यांत फरक दाखवत नाही, कारण रेणू एकच. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायरने ती १८८० मध्ये प्रयोगशाळेत तयार केली आणि १८९७ मध्ये बीएएसएफ या जर्मन कंपनीने बाजारात आणली. बिहारमधला नीळधंदा त्यानंतर कोसळत गेला. तरीही १९१७ च्या चंपारण्यातले शेतकरी तिनकठिया पद्धतीने, म्हणजे बिघ्यातल्या २० पैकी ३ कठ्ठे जमिनीवर, सक्तीने नीळ लावत होते. व्यवहारात लक्षात ठेवायचं ते शुद्धतेचं : कारखान्यातली पूड ९० टक्क्यांहून शुद्ध असते, पानातली बरीच कमी. वरचं प्रमाण पानातल्या निळीचं आहे. कारखान्यातली असेल तर निम्म्यापासून सुरुवात करा.

प्रश्न : ‘तानापिहिनिपाजा’मधला पारवा म्हणजे निळीचाच रंग ना? (वाचक, पुणे)

उत्तर : न्यूटनने त्या पट्ट्याला निळीचं नाव दिलं खरं. आधी त्याने पाचच रंग मोजले होते. स्वरसप्तकाशी मेळ बसावा म्हणून नारिंगी आणि हा पारवा वाढवले. पण कापडावरची नीळ मळकट गडद निळी असते, इंद्रधनुष्याचा पट्टा शुद्ध प्रकाशाचा. दोन्ही शेजारी धरली तर जुळत नाहीत.