सिम्युलिंकमध्ये सिग्नल एकत्र बांधताना

प्रश्न: सिम्युलिंक या ब्लॉक जोडून मॉडेल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधील माझ्या मॉडेलमध्ये सिग्नलांच्या रेषांची फार गर्दी झाली आहे. त्या म्युक्स ब्लॉकने एकत्र कराव्यात की बस (नावांसह एकत्र बांधलेल्या सिग्नलांचा गट) वापरावी?

उत्तर: बसच वापरावी. म्युक्स एकाच डेटा टाइपच्या सिग्नलांचा सदिश (क्रमवार मांडणी) बनवतो आणि पुढे घटक केवळ क्रमाने ओळखावे लागतात. बस क्रिएटर ब्लॉकने बांधलेल्या बसमध्ये मात्र वेगवेगळ्या टाइपचे सिग्नल आपापल्या नावांसह राहतात आणि बस सिलेक्टर ब्लॉकने हवा तो सिग्नल नावानेच काढता येतो. म्हणून जोडणीपूर्वी प्रत्येक रेषेला अर्थपूर्ण नाव द्यावे. हे काम कंटाळवाणे वाटले तरी कृपया टाळू नये. व्हर्च्युअल बस ही केवळ आकृतीतील सोय असते. तयार होणाऱ्या सी कोडमध्ये स्ट्रक्चर (नावे असलेल्या घटकांचा एकत्रित गट) हवे असल्यास बस ऑब्जेक्ट, म्हणजे बसच्या घटकांची नावे व टाइप सांगणारी व्याख्या, तयार करून बस नॉनव्हर्च्युअल, म्हणजे कोडमध्येही टिकणारी, करावी. एखादाच घटक बदलण्यासाठी बस असाइनमेंट ब्लॉक पुरतो.